सोनेखारीच्या तुडुमाचा दाखला

मी तालुक्याच्या कोर्टात नकला करायचो.
एकतीस वर्षं. कार्बनची निळाई अजून
उजव्या करंगळीच्या कडेला आहे, साबणानं जात नाही.

लोक म्हणतात, कायदा मुंबईहून येतो, दिल्लीहून येतो.
येत असेल.
आमच्याकडे तो तुडुमातून यायचा.

तलावाच्या पाळीत दगडी तोंड,
तोंडात बाभळीचा खुंटा,
आणि खुंटा उपसायचा मान इस्तारी कापगतेचा.
पानकर होता तो. अक्षर ओळखत नव्हता,
पण चौऱ्याऐंशी बांध्यांची पाळी त्याच्या पेरांवर होती.
रोवलेल्या काठीची सावली धुऱ्याला टेकली
की एकाचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू.
हे कुणी ठरवलं, विचारलं तर म्हणायचा,
"पान्यानं."

सन एकोणसत्तर. पाऊस पोळ्याआधीच उठला,
धान पोटरीत अडकलं,
आणि माथ्यावरच्या दोनोडे लांजेवारानं
रात्री स्वतःच खुंटा उपसला.
दावा लागला. इस्तारी पिंजऱ्यात उभा,
पायाला चिखल तसाच.

"ही रूढी केव्हापासूनची?" वकिलानं विचारलं.
"तलावापासूनची जी."
"आणि तलाव?"
"माह्या आज्याच्या आज्याले इचारा."
लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत.
लेखनिकाला म्हणाले, लिहा:
स्मरणातीत काळापासून.

दोनच शब्द.
नक्कल करताना मला वाटलं,
एवढा मोठा तलाव, आणि बसला की त्यात.

तेवढ्यात यशोधरा रामटेके उठली. प्रतिवादी क्रमांक सात.
"माह्या तीन बांध्या शेपटाले.
आमच्या वस्तीले पानी रातच्या चौथ्या पहरी,
आन तेबी उरलं तर.
हेबी तलावापासूनचंच आहे जी.
मंग हेबी लिहा."

कुणी काही बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

निकाल एकोणीस पानांचा. चौदाव्या पानावर सावलीची काठी राहिली.
सोळाव्या पानावर रातचा चौथा पहर गेला:
*जुनेपण पुरेसे नाही, रूढी न्याय्यही असावी लागते.*
अपिलात नागपूरनं सगळं कायम ठेवलं,
फक्त 'न्याय्य' खोडून 'वाजवी' केलं.
त्या एका शब्दाशी मी वर्षभर भांडलो,
मनातल्या मनात, जेवताना सुद्धा.

मग निकाल छापील पुस्तकात गेला.
कोकणात कुणाची विहीर, खानदेशात कुणाचं कुरण,
वकील उठतो आणि म्हणतो, सोनेखारीचा दाखला आहे.
सोनेखारीला याचा पत्ता नाही.
कुणाच्या विहिरीवर आपली काठी रोवली गेली,
सावली कुणाच्या धुऱ्याला टेकली.

एक गोष्ट मात्र निकालात उतरली नाही.
कुणाच्या घरी मयत झालं
की इस्तारी त्याचं पाणी न विचारता पुढे ओढायचा,
आणि बाकीचे तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.
निकालानंतर शेंडे मास्तरांचा पोरगा गेला.
इस्तारी काठीजवळ बसून राहिला.
"माहं मन होते जी," म्हणाला,
"पन कागदात नाई."
ती नक्कल माझ्याच हातची.
धानाच्या ढोलीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती त्यानं.
मी ती काढून दोनदा वाचली.
खरंच नव्हतं.

आता पाणीवाटप समितीत यशोधराची नात आहे, करुणा.
खुंटा लोखंडी झालाय, त्याला चाक आहे.
ती पाणी शेपटाकडून सुरू करते.
असा हुकूम नाही, ठराव नाही.
माथ्यावरचे कुरकुरतात, मग आपापल्या पाळीला येतात.
मागल्या साली एका मयतीच्या घरी
तिनं पाणी पुढे ओढलं. मी पाहिलं.
बाकीचे दुसरीकडे बघत होते.

यंदा तिसरं वर्ष.
कोर्टात कुणी गेलेलं नाही.
मी पाळीवर बसतो संध्याकाळचा,
आणि पेरं मोजतो.